नाताळच्या जेवणात टर्की हवीच का? यंदा बदकावर भागवावं म्हणते

मरोळची सून

मंडळी, नाताळ तीन आठवड्यांवर आला आणि आमच्या घरात पक्ष्याचा निकाल अजून लागलेला नाही. म्हणून इथे विचारते.

मी मूळची उत्तनची. आमच्याकडे नाताळ म्हणजे बदकाचं मोईल (मसाल्याचा रस्सा), डुकराचं इंद्याल (आंबट-तिखट रस्सा) आणि टोपलीभर फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे). १९९१ साली लग्न होऊन मरोळच्या गावठाणात आले. पहिल्याच डिसेंबरात सासरे म्हणाले, "उद्या पेरू आणतो. सहा किलोचा." मला वाटलं, पेराद, म्हणजे पेरूची वडी, करायची असणार. नवी सून, विचारायची सोय नाही. मी आपली साखर मोजून ठेवली. दुसऱ्या दिवशी क्रॉफर्ड मार्केटातून टॅक्सीत बसून आला तो पिसं फुगवलेला, गळ्याखाली लाल कातडं लोंबणारा जिवंत नर. सासरे परदेशी जहाजावर स्टुअर्ड होते, बरोबरची पोरं सगळी गोव्याची. पोर्तुगीजमध्ये टर्कीला पेरू म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. साखर मग नेवऱ्यांना वापरली.

तेव्हापासून दरवर्षी टर्की. मसाला लावण्यापासून कापण्यापर्यंत सगळं सासरे करायचे, आम्ही बायकांनी फक्त लसूण सोलायचा. पोटात भरायला पोटा-कलेजी, बटाटा, पावाचा चुरा, बेदाणे, उकडलेली अंडी आणि आमचा बॉटल मसाला, म्हणजे उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला. चोवीस तारखेला दुपारचे पाव निघाले की नाक्यावरच्या बेकरीत पक्षी जायचा. भट्टी उतरणीला लागलेली असायची. पक्षी आत, तोंडावर झाकण, आणि संध्याकाळी दोन माणसं तो परातीतून घरी आणायची. पोरं मागे मागे. ती टर्की चांगली लागायची, हे मी उत्तनची असूनही कबूल करते.

पण बेकरीची लाकडाची भट्टी गेली, विजेची आली, आणि नवा माणूस बाहेरचं काही घेत नाही. तेव्हापासून आमचा अठ्ठावीस लिटरचा ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन. त्यात टर्कीचे पाय दुमडून, सुतळीने बांधून, वर हात दाबून दार लावायचं. मांडी शिजेपर्यंत छातीचा कापूस होतो. गेल्या वर्षी गोठवलेला पक्षी आणला, तेवढ्या पैशात तीन बदकं आली असती. पंचवीसला टेबलावर सगळ्यांनी "वा वा" केलं, एकेक काप घेतला आणि मोईलकडे वळले. अडीच वाजता मोईलचं भांडं फुग्याने पुसून झालं होतं आणि टर्की तशीच, लग्नात बसवून ठेवलेल्या आत्येसारखी.

गंमत अशी की सत्तावीसला उरलेल्या टर्कीची बॉटल मसाल्यात हाडांसकट आमटी केली, तर भातावर तुटून पडले. दोन दिवसांनंतरच्या आमटीसाठी एवढा तमाशा करायचा का, हा माझा प्रश्न.

सासरे मार्चमध्ये गेले. हा त्यांच्यामागचा पहिला नाताळ. थोरला ह्यूस्टनहून येतोय, त्याचं म्हणणं टर्कीशिवाय टेबल ओकंबोकं दिसेल. धाकटीचं म्हणणं, आता तरी सोडा. नवरा म्हणतो, "तू ठरव." म्हणजे काय ते बायकांना कळेल.

तर सांगा. टर्की तिच्या जागेला लायक आहे की आपण नुसती मोठी आहे म्हणून मांडतो?

वाडीतला वसईकर

ताई, दोष टर्कीचा नाही, ओटीजीचा आहे. माझ्या वाडीत चार-पाच टर्की असतात, तेव्हा तिची बाजू कुणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहितो.

पक्ष्याच्या सगळ्यात जाड भागात ७४ अंश सेल्सिअस भरायला हवेत, त्याआधी काढायचा नाही. मांडीला त्याहून वर गेलं तरी चालतं, उलट मऊ होते. छातीत चरबीच नाही, ती तेवढ्यात कोरडी पडते. म्हणजे एकाच पक्ष्यात दोन वेगवेगळ्या शिजणाऱ्या वस्तू, आणि तुम्ही दोन्ही एकदम एका पेटीत कोंबता. त्यात पोट गच्च भरलेलं, म्हणजे मधलं सारणही ७४ वर जाईपर्यंत थांबा. तोवर छाती मेली.

तुमच्या सासऱ्यांची टर्की चांगली व्हायची कारण भट्टीची वीट तापलेली आणि खालचा जाळ ओढून घेतलेला. उष्णता चहूबाजूंनी आणि हळूहळू कमी होत जाणारी. ओटीजीत पक्ष्यापासून चार बोटांवर लालभडक सळी. कसं होणार?

उपाय सांगतो. पाठीचा कणा कात्रीने कापून काढा, पक्षी उताणा उघडून चपटा करा, किंवा सरळ मांड्या वेगळ्या करा. दोन दिवस आधी नुसतं मीठ चोळून फ्रीजमध्ये उघडा ठेवा. सारण वेगळ्या भांड्यात भाजा. आणि गोठवलेला आणलात तर दोन किलोला एक दिवस धरून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सोडवा, मोरीत बादलीत नाही. मरोळला काय करतात मला माहीत आहे.

मरोळची सून

बादलीतच ठेवला होता. तुम्हाला कोणी सांगितलं?

डोंबिवली ते एडिसन

काकू, इथे न्यू जर्सीत अकरा वर्षं थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरातल्या गुरुवारचा टर्कीचा सण, करतोय, त्यामुळे हक्काने बोलतो. पहिल्या वर्षी टर्की भाजून टेबलावर आणली, कापली, आणि आतून कागदाची पुडी निघाली. मान, पोटा, काळीज सगळं पुडीत बांधून पोटात ठेवलेलं असतं. मी पुडीसकट भाजली होती. सासूबाई डोंबिवलीहून आल्या होत्या, त्या अजून विचारतात, "यंदा पुडी काढलीस ना?"

इथली माणसंही तुमच्यासारखंच बोलतात. दर नोव्हेंबरात अंदाजे साडेचार कोटी टर्की खाल्ल्या जातात आणि त्या गुरुवारी प्रत्येक घरात कोणीतरी हळूच म्हणतं, खरं तर मला बाजूचे बटाटेच आवडतात. दुकानात मिळणारी जात पांढरी, रुंद छातीची. छातीसाठी इतकी वाढवली आहे की त्या पक्ष्यांना नैसर्गिक जोडीही लावता येत नाही, सगळं कृत्रिम रेतनाने चालतं. आणि ज्या छातीसाठी एवढं केलं तीच खायला सगळ्यात निरस! यावर इथे कोणी हसत नाही.

परंपरा म्हणाल तर तीही गोळाबेरीज. १६२१ साली इथल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीत जी मेजवानी झाली, जिला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात, तिच्याबद्दलच्या पत्रात रानपाखरांची शिकार आणि तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी आणलेली पाच हरणं यांचा उल्लेख आहे, टर्कीचं नाव नाही. पुढे सारा जोसेफा हेल नावाच्या संपादक बाई वर्षानुवर्षं मागे लागल्या, १८६३ मध्ये लिंकनने दिवस जाहीर केला, आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला तो १९४१ ला. टर्की जिंकली ती चवीवर नाही, हिशोबावर. गाय दूध देते, कोंबडी अंडी देते, डुकराचं मीठ लावून वर्षभर पुरवता येतं. टर्की मारली तर शेताचं काही अडत नाही आणि वीस माणसं जेवतात.

तुमच्याकडे वीस माणसं असतात का? हा खरा प्रश्न. आम्ही चौघं. गेली तीन वर्षं फक्त तंगड्या आणतो, गोडा मसाला आणि दही लावून भाजतो. थोरल्याला ह्यूस्टनमध्ये काय खातो ते नीट विचारा. बहुतेक तोही बटाटेच खात असेल.

कारीट

मी दादरची, आमच्याकडे नाताळ म्हणजे शेजारच्या घरून आलेलं ताट. त्यामुळे चवीवर बोलत नाही.

पण मूळ प्रश्नच मला पटला नाही. नरकचतुर्दशीला पहाटे आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो आणि त्याचा रस जिभेला लावतो. कडू जहर. आजवर कोणी विचारलं का, कारीट फराळात बसायच्या लायकीचं आहे का? गुढीपाडव्याला कडुनिंब खातो तो काय आवडतो म्हणून? सणाच्या ताटात एक वस्तू अशी असते की ती खायची नसते, ती असायची असते. टर्की ही मरोळची कारीट आहे. असू दे बिचारी.

शिवाय ती काही परकी नाही, चारशे वर्षं झाली तिला इथे येऊन. १६१२ मध्ये मुकर्रब खान या मुघल सरदाराने गोव्याच्या बंदरातून जहांगीर बादशहासाठी चमत्कारिक वस्तू खरेदी केल्या, त्यात हा पक्षी होता. जहांगीर इतका हरखला की त्याने आपल्या आठवणींत त्याचं वर्णन लिहून ठेवलं: डोकं आणि गळा सरड्यासारखे रंग बदलतात, कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, कधी पिरोजी. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. बादशहाने चित्र काढून घेतलं, आपली आमटी झाली. ज्याचं त्याचं नशीब.

नावाची तर वेगळीच मजा. पक्षी मेक्सिकोचा. इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजले. तुर्की लोक त्याला "हिंदी" म्हणतात. फ्रेंच नावाचा अर्थही "हिंदुस्तानचा". पोर्तुगीजांनी पेरू देशावर ढकलला. कोणालाच तो आपला म्हणायचा नाही! आणि दादरला मी पेरू मागितला तर भैया चार फाका करून तिखट-मीठ लावून देणार.

वाडीतला वसईकर

कारीटताई, कारीट फुकट मिळते. सहा किलोची टर्की नाही मिळत. आणि कारीट फोडायला बाईला पहाटे चारपासून ओटीजीसमोर उभं राहावं लागत नाही. "असू दे बिचारी" हे ज्याला भांडी घासायची नसतात त्याने म्हणावं.

(चित्राचं माहीत नव्हतं. माझ्या नराला संध्याकाळी सांगतो.)

कारीट

भांडी मीच घासते हो दादा. पण मुद्दा मान्य. पैशांचं आणि उभं राहण्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

चकालावाली

बाकी सगळं राहू दे, बदक कुठून आणता ते सांगा. मी गेल्या वर्षी तीन मार्केटं फिरले. एकाने बदक म्हणून जे दिलं ते चार तास शिजत होतं, कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्यावर नवरा म्हणाला, हे बदक नाही, बदकाचे आजोबा. टर्की निदान टर्की आहे हे दिसतं तरी.

मरोळची सून

चकालावाली, मार्केटात नको. भाईंदर-उत्तनच्या बाजूला अजून काही घरांत पाळतात, ओळखीने मिळतात, पण नोव्हेंबरात सांगून ठेवावं लागतं. माझी भावजय दोन ठेवते आहे. तिसरं मिळतं का विचारते. चोच दाबून बघायची: कोवळ्याची थोडी लवते, आजोबांची नाही.

सगळ्यांचे आभार. काल रात्री टेबलावर बसून हिशोब केला. सासरे होते तेव्हा आम्ही खरंच बावीस-तेवीस जण असायचो. त्यांचे दोन भाऊ, चुलत सगळे, शिवाय जहाजावरचे दोघे-तिघे जे दरवर्षी "सहज आलो" म्हणून बरोबर साडेबाराला यायचे. यंदा मोजले तर नऊ. त्यात थोरल्याची बायको नाशिकची, ती मटण खाते पण पक्षी खात नाही. आठ. एडिसनकरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं.

कारीटताई, तुमचं वाचून नवऱ्याला जहांगीराची गोष्ट सांगितली. तो पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, पप्पांना टर्की कापायला आवडायचं, खायला नाही. जहाजावर कॅप्टनच्या टेबलापाशी ते सुरी घेऊन उभे राहायचे, वरचं कातडं न फाटता पातळ काप काढायचे, आणि त्यांचं स्वतःचं जेवण नंतर, खाली, जे उरेल ते. घरात पहिली टर्की आणली ती १९७४ ला, बढती झाली तेव्हा. ती सुरी अजून आमच्याकडे आहे. धार लावायला ते मरोळ नाक्यावरच्या सानवाल्याकडे स्वतः जायचे, दुसऱ्याच्या हातात देत नसत.

मला हे काहीच माहीत नव्हतं. तेहतीस वर्षं लसूण सोलला.

तर असं ठरलंय. दोन बदकांचं मोईल, इंद्याल नेहमीचं, फुगे माझे (वसईकर, पीठ नारळाच्या दुधात भिजवते, हवं तर भांडा). आणि एक टर्की, मिळेल ती सगळ्यात लहान, पण भाजायची नाही. सरळ पंचवीसलाच बॉटल मसाल्याची आमटी, हाडांसकट. मे महिन्यात कुटलेल्या मसाल्याच्या दोन बाटल्या अजून न फोडलेल्या आहेत. छाती तेवढी वेगळी काढून, वसईकर म्हणतात तसं मीठ चोळून, ओटीजीत भाजेन, आणि नवरा त्या सुरीने कापेल. ओटीजीचं दारही नीट लागेल.

आज मार्केटात फोन करून सांगितलं, पीरू पाहिजे, छाती अख्खी ठेवून बाकीचे करी कट करून द्या. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "मॅडम, करी कटच पाहिजे तर कोंबडी घ्या ना."

थोरल्याला अजून सांगितलेलं नाही. तो बावीसला उतरतोय.