वाफेच्या छोट्या इंजिनावर दिवे: प्रिंटरची स्टेपर की कॅसेटची मोटर?

वाफवेडा: रविवारी जुन्या बाजारातून मोडक्या प्रिंटरची स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) मोटर आणली, इंजिनाने फिरवली की ती वीज देते. माझं इंजिन एका सिलिंडरचं, लोड आला की मिनिटाला जेमतेम 400 फेरे. एवढ्यावर खेळण्यातली डीसी मोटर दिवा लावत नाही. व्होल्ट फेऱ्यांच्या प्रमाणात मिळतात आणि ती मोटर हजारो फेऱ्यांसाठी बनलेली असते. स्टेपरला एका फेरीत 200 स्टेप, म्हणजे विजेची 50 आवर्तनं. ब्रिज (उलटसुलट वीज एका दिशेने वळवणारी चार डायोडची जोडणी) लावला आणि चार पांढरे एलईडी लखलखले, डोळ्याला फडफड अजिबात जाणवत नाही. छोट्या इंजिनाला स्टेपरच घ्यावी, या मतावर मी ठाम आहे.

लेथवाला: मला हे पटत नाही. तिचा शाफ्ट चिमटीत धरून फिरवा, प्रत्येक टप्प्याला कटकट अडतो. वाफ जरा उतरली की इंजिन तिथेच बसतं. त्यापेक्षा जुन्या कॅसेट प्लेअरची मोटर घ्या. आतली वेग सांभाळणारी प्लेट काढायची आणि वायरी थेट ब्रशला (मोटरच्या आत वीज नेणाऱ्या संपर्कांना) जोडायच्या, हे मात्र विसरू नका. फ्लायव्हीलच्या बाजूला 40 मिमीची पुली, मोटरवर 10 ची, की 400 चे 1600 झाले. पट्टा म्हणून ओ-रिंग चालते, पण फार ताणू नका. ताणलेला पट्टा निम्मी ताकद बेअरिंगमध्येच घालवतो.

पेठकर: दोघंही एलईडीच धरून बसलात. बॉयलर थंडावला की बल्बची तार पिवळी, मग लाल होत जाते, इंजिनाचा दम डोळ्यांनी दिसतो. त्यासाठीच तर वाफ करायची! बल्बच लावा.

लेथवाला: 2.5 व्होल्ट, 0.3 अँपिअरचा टॉर्चचा बल्ब पाऊण वॉट खातो. तेवढ्यात डझनभर एलईडी पेटतात. मोठ्या बॉयलरवाल्यांनी खुशाल लावावा.

वाफवेडा: अडण्याचा मुद्दा खरा आहे, सुरू करताना फ्लायव्हीलला दोनदा झटका द्यावा लागतो. पण पट्टा नाही, घसरणं नाही, हा फायदा मला मोठा वाटतो. ज्यांना स्टेपर घ्यायचीच आहे त्यांनी ब्रिजला शॉट्की डायोड (कमी व्होल्ट खाणारे) वापरा. साध्या डायोडच्या ब्रिजमध्ये सुमारे 1.4 व्होल्ट जातात, ते आपल्याला परवडत नाहीत. आणि कॉइलच्या जोड्या ओळखायला मीटर नको: दोन वायरी एकमेकींना टेकवल्यावर शाफ्ट जड झाला, तर ती एक जोडी. येत्या रविवारी 40-10 ची पुली लावून बघतो. बल्ब मात्र माझ्या इंजिनाला झेपणार नाही.