वैशाखातलं लग्न, ऑर्किडचा मांडव : फुलं मोसमाचीच घ्यावीत का?

सातारी_कंदी
लेकीचं लग्न मे महिन्यात आहे, पुण्यात. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, संध्याकाळी रिसेप्शन. काल डेकोरेटर घरी येऊन गेला. टॅबवर फोटो दाखवले : पांढरी ऑर्किड, फिकट गुलाबी हायड्रेंजिया आणि मध्ये मध्ये कापूस पिंजून ठेवल्यासारखा जिप्सोफिला. लेक हरखून गेली. मी विचारलं, "यात मोगरा कुठाय?" तर म्हणे, "काकू, मोगरा फोटोत दिसत नाही."

तेव्हापासून डोकं फिरलंय. भर वैशाखात, मोगऱ्याचा बहर असताना, थायलंडहून विमानानं आलेली बिनवासाची फुलं का लावायची? माझं लग्न माघातलं. आदल्या रात्री आत्या आणि दोन मावश्या केळीच्या सोपटात शेवंतीच्या वेण्या करत बसल्या होत्या. अंगणभर तो कडवट-गोड वास. अजून कुठे शेवंती दिसली की मला हळदीची रात्र आठवते. माझं म्हणणं एवढंच, की लग्न ज्या ऋतूत त्या ऋतूची फुलं घ्यावीत. घरात मी एकटी पडलेय, म्हणून इथे विचारते.

मंडपवाला_नाना
काकू, बावीस वर्षं हाच धंदा करतोय, म्हणून बोलतो. पुण्यात मे महिन्यात पारा 38-40 च्या घरात असतो. साडेबाराच्या मुहूर्ताला आम्ही पहाटे चारला बांधायला लागतो. म्हणजे मंगलाष्टकांपर्यंत फुलं आठ तास उघड्यावर, त्यातले सहा उन्हात. मोगऱ्याच्या लडी सोडल्या, तर अंतरपाट धरायच्या आत त्या तपकिरी पडतात. मग तुम्हीच पैसे कापता! झेंडूचंही तेच. बाजारात वजन वाढवायला पाणी मारलेला माल गळ्यात पडला, तर दुपारपर्यंत तो आतून काळा पडतो. ऑर्किडची काडी पाण्याच्या नळीत खोचली की रात्रीपर्यंत मान टाकत नाही. आम्हाला काय, सांगाल ते लावू. पण फोटो आल्यावर "शेजारच्यांच्या लग्नात किती छान होतं" हे पुन्हा आम्हीच ऐकायचं.

पॉलिहाउस_मावळ
मोसमी, मोसमी म्हणताना जरा जपून. तुमच्या आत्यांची शेवंती माघात होती, कारण ते झाड दिवस लहान झाले की कळी धरतं. आता बंगळूरच्या बाजूला शेतात रात्री दिवे लावून तिचा दिवस लांबवतात, कळी थोपवून धरतात आणि हवा तेव्हा बहर घेतात. मेमध्ये मांडवात शेवंती दिसली तर ती मोसमी म्हणणार की बेमोसमी?

माझं वीस गुंठ्यांचं पॉलिहाउस आहे, जरबेरा आणि डच गुलाब. पेपरातल्या फूलबाजाराच्या भावात "डच गुलाब (20 नग)" असं छापून येतं ना, ती गड्डी माझ्यासारख्याच्या शेडमधून निघते. लोक 'विदेशी फूल' म्हणून नाक मुरडतात. अहो, मी मावळातलाच आहे, विदेशी कुठला! खरं सांगायचं तर मेमध्ये माझा गुलाब काही खास नसतो. उन्हानं कळी बारीक राहते, पाकळ्याही कमी. गुलाब हवाच असेल तर थंडीतलं लग्न धरा, पण व्हॅलेंटाइनच्या आठवड्यातलं नको, भाव ऐकून घाम फुटेल.

भांडायचंच असेल तर प्लास्टिकच्या फुलांशी भांडा. धुऊन, पुसून तीच तोरणं चाळीस लग्नांना लावतात. आम्हाला खरा मार तिथं बसतो.

वसईची_जुई
नाना आणि काकू दोघंही बरोबर आहेत, फक्त दोघांनीही घड्याळ बघितलेलं नाही.

आमच्या माहेरी परसात मोगरा होता. आई सूर्य वर यायच्या आत कळ्या खुडायची. टपोऱ्या, घट्ट मिटलेल्या, बोटाला गार लागणाऱ्या. फुललेलं फूल गजऱ्याला ती घ्यायचीच नाही. सकाळी ओवलेला गजरा दुपारभर मुका असतो, ओल्या फडक्यात पडून. दिवेलागणीला एकेक कळी उमलायला लागते आणि मग वास असा सुटतो की दार उघडायच्या आधी कळतं कोण आलंय. साडेबाराच्या मुहूर्ताला मोगऱ्याकडून वास मागणं म्हणजे झोपलेल्या माणसाला गायला सांगणं. गोरज मुहूर्त असता तर त्याच्यासारखं फूल नव्हतं.

म्हणून म्हणते, मोगरा संध्याकाळच्या रिसेप्शनला ठेवा आणि स्टेजवर नको, माणसांच्या अंगावर ठेवा. पाहुण्या बायकांना दारात गजरे, नवरीच्या अंबाड्यावर भरगच्च वळेसर. दुपारच्या मांडवाला आंब्याचे टहाळे, झेंडू (कोरडा, पारखून) आणि हारांना निशिगंध. निशिगंधाची काडी उन्हात बऱ्यापैकी तग धरते. आणि हो, थंडीतल्या लग्नात कोणी मोगरा म्हणून हातात गजरा दिला तर निरखून बघा, बऱ्याचदा तो काकडा असतो, मोगऱ्यासारखं दिसणारं दुसरंच फूल.

आवाज_लेकीचा
कोणी नवरीला विचारलंय का? लग्न तिचं आहे की मोगऱ्याचं? ऑर्किड आवडणं हा गुन्हा आहे का? माझ्या लग्नात आईनं हट्टानं झेंडूच झेंडू लावला होता. मी मोतिया रंगाची पैठणी नेसले होते आणि मागे ते केशरी वादळ. प्रत्येक फोटोत आधी झेंडू दिसतो, मग मी. वास-बीस त्या दिवशीपुरता. अल्बम पुढची पन्नास वर्षं उघडला जातो.

म्हापशेकार
गोंयचो हांव, म्हणून मराठी जरा सांभाळून घ्या. सगळे वासावर अडलेत. आमच्या अबोलीला वास नसतो, पण तिच्याशिवाय आमच्याकडे लग्नाचं पान हलत नाही. तो नारिंगी रंग काळ्या केसांवर कसा उठून दिसतो बघा. शिवाय अबोली पटकन कोमेजत नाही, दुसऱ्या दिवशी पाहुणे निघतात तेव्हाही वेणी डोक्यात तशीच. म्हणजे 'बिनवासाचं फूल' ही काही शिवी नव्हे. सुरंगीचा वास हवा असेल तर मात्र मे उशीर झाला. तिचा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा. वेंगुर्ल्याकडे त्या दिवसांत लग्न असेल तर नवरीपेक्षा सुरंगीच्या वळेसराकडे लोक जास्त बघतात.

एडिसनकर
न्यू जर्सीतला अनुभव. भावाचं लग्न जूनच्या सुरुवातीला. आईनं मोगऱ्याचे हार मागवले, ते बर्फात गुंडाळून आले आणि निम्मे काळे निघाले. त्या दिवसांत इथे पिओनी फुलते. वाटीएवढं फूल, पाकळ्यांवर पाकळ्या, मंद वाससुद्धा. मांडव त्याच फुलांचा केला. आई आधी रुसली, नंतर दोन फुलं पर्समध्ये घालून घरी घेऊन आली. काकूंचा नियम मला पटतो. फक्त ऋतू जिथलं लग्न तिथला धरावा लागतो.

मंडपवाला_नाना
वसईच्या ताई, मानलं. पण एक राहिलं : 300 गजरे आयत्या वेळी मिळत नाहीत. मोठी लग्नतिथ असली की त्या दिवशी दादरला आणि मार्केटयार्डात कळीचा भाव सोन्यासारखा बोलतात. आठ दिवस आधी सांगावं लागतं आणि थोडा इसार द्यावा लागतो. आणि कोणी बहाव्याची कल्पना काढू नका! मेमध्ये झाड पिवळं धमक दिसतं, लोकांना मोह होतो. तोडला की तासाभरात पाकळ्यांचा सडा, नवरदेव घसरायचा.

पॉलिहाउस_मावळ
नाना, ऑर्किड ज्या हिरव्या फोममध्ये खोचता ना, त्याचंही सांगा की काकूंना. तोही प्लास्टिकच. चुरा होतो, पण कुजत नाही. दुसऱ्या दिवशी तो आणि फुलं एकाच टेम्पोत कचऱ्याला.

मंडपवाला_नाना
खरंय. म्हणून म्हटलं ना, पाण्याच्या नळीत. फोम नको असेल तर मजुरी वाढते, तेवढं बोलून घ्या.

सातारी_कंदी
सगळ्यांचं वाचून दाखवलं लेकीला. 'आवाज लेकीचा' वाचून तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून चहा टाकायला गेले. मान्य, मी तिला रंग विचारलाच नव्हता. तिला झेंडूची धास्ती आहे, मोगऱ्याशी वैर नाही.

तूर्त तह असा : हायड्रेंजिया रद्द. दुपारी टहाळे, निशिगंध आणि तिला हवा तो पांढरा-पिस्ता पडदा. ऑर्किड फक्त संध्याकाळी, स्टेजच्या मागच्या भिंतीपुरती, फोमशिवाय. गजरे अडीचशे. व्याही मंडळींकडच्या बायका किती ते अजून कळलेलं नाही, म्हणून पन्नास जास्तीचे धरू का?

आणि म्हापशेकार, लेक विचारतेय की अबोलीची वेणी मेमध्ये पुण्याला पोचेल का. तिला आता ती हवीय, दुपारच्या साडीवर. मी काही बोलले नाही.