शेजारच्या गिरणीनं दर पाडलाय. आपणही पाडायचा, की त्याला 'समजावायला' जायचं?

दळणवळण
साताऱ्यात वडिलांपासून पिठाची गिरणी आहे. आमच्या भागातल्या गिरणीवाल्यांनी मिळून दर ठरवलाय, गहू-ज्वारी किलोला ८ रुपये. लॅमिनेट केलेलं दरपत्रक सगळ्यांच्या भिंतीवर एकसारखं. दिवाळीनंतर दोन गल्ल्या सोडून एका पोरानं नवी गिरणी टाकली आणि दारात खडूनं लिहिलं, 'दळण ५ रु.' महिन्याभरात माझे डबे निम्म्यावर. परवा बैठक झाली. चौघांनी जाऊन त्याला समजवायचं, नाही ऐकलं तर दगडाला टाकी लावणाऱ्या कारागिराला सांगायचं, त्याच्याकडे जाऊ नको. चौघांत माझं नाव आहे. दोन रात्री झोप नाही. तुम्ही काय केलं असतंत?

मिरजमामा
बिनधास्त जा. ५ रुपयांत वीजबिल, पट्टा, दगड, गड्याचा पगार बसतो का? पोरगं घरचं भांडवल जाळतंय. तुम्ही बंद पडलात की हाच १२ घेईल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मार्चपर्यंत फुकट. एअरसेल दिवाळखोरीत गेली, व्होडाफोन-आयडियाला २०१८ मध्ये एक व्हावं लागलं. आता रिचार्जचे दर बघा. एकीनं राहिलं तरच पोट भरतं.

सीए_सदाशिव
मामा, उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. एअरटेलनं जिओविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे बाजारातल्या गैरव्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तक्रार केली होती, ती २०१७ मध्ये फेटाळली गेली. नव्यानं उतरलेल्या कंपनीचं बाजारात वर्चस्वच नाही, असं आयोग म्हणाला. तोट्यात विकणं बेकायदा ठरतं ते बाजार मुठीत असलेल्यानं केलं तर. या पोराच्या मुठीत काय आहे, खडू?
उलट तुमचं दरपत्रकच अडचणीचं. स्पर्धा कायदा २००२, कलम ३. स्पर्धकांनी मिळून दर बांधला की त्यानं स्पर्धेला बाधा आली असं गृहीतच धरतात, ती आली नाही हे तुम्ही दाखवायचं. २०१२ मध्ये सिमेंट कंपन्यांना यातच सहा हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. त्याच वर्षी गोव्यातल्या औषध विक्रेत्यांच्या संघटनेलाही दणका बसला, म्हणजे फक्त मोठेच सापडतात असंही नाही.

मिरजमामा
दिल्लीचा आयोग साताऱ्यात पीठ मोजायला येणार होय! सलूनवाल्यांचं दरपत्रक वर्षानुवर्षं आरशाशेजारी लटकतंय. तुमची फी शेजारच्या सीएच्या निम्मी करून दाखवा, मग कलमं सांगा.

सीए_सदाशिव
येणार नाही, कबूल. पण उद्या तुमचा कारागीर दुसऱ्या कुणी अडवला तर ओरडणार कोणत्या तोंडानं? (फीचं बायकोला विचारून सांगतो.)

डोंबिवलीची_सून
मी गिऱ्हाईक म्हणून बोलते, आमच्या डोंबिवलीतलं. तीन रुपयांसाठी नाही, पिठासाठी गिरणी बदलली. जुने काका ज्वारी उतरली की तसाच गहू ओतायचे, पोळी लाटताना चिरायची. नवीन मुलगा डबा हातात घेतानाच विचारतो, "ताई, गव्हावर घालू ना?" भाजणी मात्र तोही घेत नाही, म्हणून शेवटी घरघंटी आणली. दादा, तुमचे सगळे डबे त्या पोराकडेच गेलेत, ही खात्री आहे का? आशीर्वाद आटा २००२ मध्ये आला. आमच्या मजल्यावर चारांतली तीन घरं आता दळण काढतच नाहीत.

कोपऱ्यातला_वाणी
सुनबाईंशी सहमत, पण गोड बोलून वीजबिल भरत नाही. दराचा विचार करावाच लागतो. निरमानं सर्फला घाम फोडला तेव्हा सर्फवाल्या हिंदुस्तान लिव्हरनं सर्फ स्वस्त नाही केला, खालच्या दरात व्हील काढलं. तुम्हीही सरसकट ५ करू नका. दहा किलोच्या वर गहू असेल तर ६, भाजणी आणि उपवासाचं १५. जे पोरगं करत नसेल त्याचे पैसे घ्या.

दळणवळण
ताईंचं वाचून वही काढली. गहू घटलाय तो दिवाळीनंतर नव्हे, गणपतीपासूनच. आणि भाजणी गेल्या वर्षी मीच बंद केली, दर वेळी दगड झाडून घ्यायचा कंटाळा म्हणून. दोष पोराला दिला.
चौघांत येत नाही, असं कळवलं. अध्यक्ष म्हणाले, "मग दरपत्रक काढून दे." दिलं. तिथं चौकोनी निळा रंग उघडा पडलाय, बाकी भिंत पिठानं पांढरी. दर अजून लिहिलेला नाही. गिऱ्हाईकं विचारतात, मी ८च सांगतो. गुरुवारी भाजणी सुरू.

मिरजमामा
पोरगं ४ रुपये करेल त्या दिवशी निरोप धाड. चौघांत एक जागा रिकामी झालीय, मी येतो.