हेलसिंकीचं खडकातलं चर्च आईला दाखवू का?

साताऱ्याची_लेक:
आई पहिल्यांदाच आमच्याकडे हेलसिंकीशेजारच्या एस्पोला आली आहे. वय ७१, गुडघे दुखतात. गावच्या भजनी मंडळात गाते. तिला टेंपेलिआउकिओ चर्चला न्यावं का? रस्त्यावरून मला नुसता खडकाचा उंचवटा दिसला. लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचं चर्च, म्हणजे आत मूर्तीही नसणार. तिचं मन रमेल का?

ट्योलोकर:
ताई, न्याच. मी आठ वर्षं त्याच भागात राहतो, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेलंय. फ्रेद्रिकिनकातू रस्ता संपतो तिथेच दार आहे, खडक चढावा लागत नाही.

ग्रॅनाइट फोडून ही जागा काढली आहे. तिमो आणि तुओमो सुओमालाइनेन या भावांनी १९६१ मध्ये स्पर्धा जिंकली, चर्च खुलं झालं १९६९ मध्ये. वर २४ मीटर व्यासाचा तांब्याचा घुमट. घुमट आणि भिंत यांच्यामध्ये गोल फिरून १८० खिडक्या. सकाळी जा, ऊन खडकावरून सरकताना दिसतं.

पण आईंसाठी खरी गोष्ट आहे आवाजाची. भिंती ओबडधोबड राहू दिल्या त्या गाण्यासाठी! ऑर्केस्ट्रा संचालक पावो बेर्गलुंद आणि ध्वनितज्ज्ञ मौरी पार्यो यांनी तसं सुचवलं होतं. खडबडीत दगडावर आवाज विखुरतो, सूर एकमेकांत मिसळून अस्पष्ट होत नाहीत. कार्यक्रम असेल तो दिवस गाठा. मी तिथे पहिल्यांदा समूहगान ऐकलं तेव्हा संपल्यावरही कितीतरी वेळ उठावंसं वाटलं नव्हतं.

निळी_शाल:
ऑर्गनच्या ३००१ नळ्या आहेत, आईंना जवळून दाखवा. वेदीमागे चित्र नाही, हिमयुगातली खडकाची भेग आहे. पर्यटकांना तिकीट असतं आणि प्रार्थनेच्या वेळी आत फिरता येत नाही, म्हणून आधी वेळ बघून जा.

साताऱ्याची_लेक:
काल जाऊन आलो. कोणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं. आई डोळे मिटून बसली, अर्धा तास. मग उठून भिंतीपाशी गेली. खडकात सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या उभ्या रेघा अजून दिसतात, त्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "आपल्या विहिरीला आतून अश्शाच आहेत बघ. तुझे आजोबा उतरले होते तेव्हा खाली."