मदत हवी आहे : पुस्तकांच्या दुकानात मुलांशी गप्पा

मी नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी कादंबऱ्या लिहिते. हे वय मला फार आवडतं. चित्रांची पुस्तकं मागे पडलेली असतात, मोठ्यांची अजून जड जातात आणि आवडलं तर मूल एका बैठकीत पुस्तक संपवतं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे या वयाच्या वाचकांनीच तर डोक्यावर घेतला!

१४ नोव्हेंबरच्या आसपास पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात माझा कार्यक्रम ठरतोय. दुकानातले कार्यक्रम मला सभागृहापेक्षा आवडतात, कारण मुलं कपाटाला टेकून बसतात आणि मध्येच एखादं पुस्तक ओढून वाचायलाही लागतात.

अडचण एकच, पण मोठी. मुलांना प्रश्न विचारला की आई-बाबाच उत्तर देतात. "सांग ना, तुला काय आवडलं ते!" म्हटलं की मूल गप्पच. पालकांना न दुखावता जरा लांब कसं बसवावं? अभिवाचन किती मिनिटांचं ठेवावं? प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावेत का? शिक्षक, ग्रंथपाल, दुकानदार, कुणीही अनुभवाचं सांगा, प्लीज.