कैरवानची मशीद ६७० ची की ८३६ ची?

कातळवाट: ट्युनिशियातल्या कैरवानच्या मोठ्या मशिदीबद्दल कुठेही वाचा, 'इ.स. ६७० ची, उक्बा इब्न नाफीने बांधलेली' हेच सापडतं. मला हे पटत नाही. अरब सेनापती उक्बाने लष्करी तळ वसवला, मशीद उभारली, हे मान्य. पण त्या मशिदीतलं आज काय दिसतं? आठव्या शतकातच ती एकाहून अधिक वेळा नव्याने बांधली गेली, आणि ८३६ मध्ये तिथल्या अघलबी घराण्याचा अमीर पहिला जियादतुल्लाह याने जुनं पाडून जवळजवळ सगळीच पुन्हा उभारली. तेव्हाच्या कारागिरांचं श्रेय दीडशे वर्षांपूर्वीच्या सेनापतीला का द्यायचं?

माजघर: अजिबात सहमत नाही. वेरूळचं घृष्णेश्वर अहिल्याबाईंनी नव्याने बांधलं, म्हणून ते स्थान अठराव्या शतकातलं ठरतं का? कैरवानची किब्ला-भिंत, म्हणजे नमाजासाठी मक्केची दिशा दाखवणारी भिंत, बघा. मक्का तिथून पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे आहे. भिंतीचा रोख मात्र त्याहून बराच दक्षिणेकडे ढळलेला. ही चूक पुढच्यांना कळली नसेल असं नाही. तरी उक्बाने ठरवलेली दिशा कुणी मोडली नाही, उलट आसपासच्या कितीतरी मशिदींनी तीच उचलली. परंपरा तर असंही सांगते की जियादतुल्लाहने जुना मिहराब (त्या भिंतीतला कोनाडा) पाडला नाही, नव्याच्या मागे राखला. मिहराबातल्या संगमरवरी फरशा जाळीदार कोरल्यात, त्या फटींतून मागची पोकळी दिसते. पाडणाऱ्यालाही जे पाडवलं नाही, ते आपण का पुसायचं?

कातळवाट: मिहराबाची गोष्ट सुंदर आहे, पण ती परंपराच आहे. दिशेचा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

टाकं_विहीर: तुम्ही दोघंही राजा आणि सेनापती यांच्यातच अडकलात. आतले चारशेहून जास्त खांब बहुतांश रोमन-बायझंटाइन अवशेषांतून आणलेत, कार्थेजसारख्या ठिकाणांहून. एकाची उंची दुसऱ्याशी जुळत नाही, मग खाली-वर ठोकळे देऊन कमानी एका पातळीत आणल्या. अंगणाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं आहे. त्याच्या तोंडांवर जुन्या खांबांच्या बैठका पोखरून बसवल्यात आणि त्यांच्या कडांना दोरांनी खोल खाचा पडल्यात. आपल्याकडच्या जुन्या विहिरींच्या काठावर असतात ना, अगदी तशाच. कोरडवाहू मुलखात एवढं शहर अशा साठवलेल्या पाण्यावर उभं राहिलं. मला मशिदीचं वय तिथे दिसतं.

माजघर: पण बाहेरून आणलेले खांब म्हटल्यावर लोक लगेच 'लूट' म्हणतात.

टाकं_विहीर: म्हणू देत. बायझंटाइनही जुनाच दगड वापरत होते. ओसाड पडलेल्या शहरातला घडीव दगड कोण सोडेल?

कातळवाट: मग नवव्या शतकातल्या मिंबरचंही (प्रवचनाच्या पायऱ्यांच्या व्यासपीठाचंही) बघा. तीनशेहून जास्त कोरीव फळ्या, त्याही सागवानाच्या. हे लाकूड हिंदुस्थानातून गेलं असं मानतात. मिहराबाभोवतीच्या चकाकत्या फरशांतल्या काही बगदादहून आलेल्या. हे सगळं अघलबी काळातलं. म्हणून मी ८३६ वर ठाम आहे. मशिदीच्या माहितीफलकावर दोन्ही साल लिहा, पण ८३६ आधी.

माजघर: ६७० आधी. भिंतीचा रोख अजून त्याचाच आहे.