तिकडनं कोणाला आपली पृथ्वी दिसत असेल काय?

खानापूरकर: गवे भातात शिरतात म्हणून परवा रात्री माळ्यावर राखणीला होतो. लेक सोबत. कृत्तिकांकडं बोट करून म्हणाली, "बाबा, तिथनं कोण आपल्याला बघत असंल काय?" मला उत्तर सुचलं नाही. सांगा कुणीतरी. आणि दिसलोच, तर येतील काय?

निपाणीकर: दिसू शकतो. आपल्या हवेत ऑक्सिजन दोन अब्ज वर्षांहून जास्त काळ आहे. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना हवेतून गाळून आलेल्या उजेडात तो ओळखता येतो. बघणारा मात्र नेमक्या रेषेत हवा. आपले रेडिओ संदेश जेमतेम शंभरेक प्रकाशवर्षं (प्रकाशवर्ष म्हणजे उजेड वर्षभरात जातो तेवढं अंतर) पोचलेत. कृत्तिका चारशेहून जास्त प्रकाशवर्षं लांब, तिथनं आज बघितलं तर शिवरायांच्याही आधीची पृथ्वी दिसेल.

चिकोडीकर: यायचं अवघड. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ हे अवकाशयान सेकंदाला १७ किलोमीटर जातं. प्रॉक्सिमा हा सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवर. या वेगानं तिथं पोचायला सुमारे ७५,००० वर्षं! माणसापेक्षा यंत्रंच आधी येतील, असं मला वाटतं.

खानापूरकर: लेकीला वाचून दाखवलं. ७५,००० वहीत लिहून घेतलंय तिनं. आता विचारते, त्या यंत्राला वाटेत दुरुस्त कोण करणार?